कासवीचं माहेर

दगडासारख्या पाठीचं कासव तुम्ही चित्रात पाहिलंच असेल, मित्रांनो. मी त्यातली नव्हे! माझी पाठ मऊ, कातडीची. मागच्या पायांवर दोन झाकणं आहेत. कोणी हात लावला की पाय आत आणि झाकणं बंद. उन्हाळ्यात पाणी आटलं की मी चिखलात शिरून खुशाल झोपते. लोक म्हणतात, कासव मंद. खाण्याचा वास येऊ द्या, मग बघा.

माझा जन्म मोहन्याजवळ, उल्हास नदीच्या काठच्या मातीतला. गोगलगायी, शेवाळ, मेलेले मासे, मिळेल ते खात मी मोठी झाले. १९८६ साली मात्र गोमाजी कोळ्याच्या जाळ्यात सापडले. त्यानं मला मारलं नाही की विकलं नाही. उलट कौतुकानं आपल्या अंगणातल्या विहिरीत सोडलं. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं आणि घरात लक्ष्मी नांदते, अशी तिथल्या लोकांची समजूत. काय माझा थाट होता! पाण्याला आलेल्या बायका हात जोडायच्या. गोमाजीची बायको आवडाबाई रोज भाताची शितं टाकायची.

पण त्याच वर्षी नवरात्राच्या सुमारास माझ्या पोटात अंडी भरली आणि जीव घाबरा झाला. आमची अंडी मातीतच जगतात. पाण्यात पडली की गेली. विहीर तर सरळसोट बांधलेली. मी नखांनी दगड खरवडत वर चढू बघायचे नि धपकन खाली पडायचे.

ते आवडाबाईनं पाहिलं.

"शेपटी आखूड हाय. बाई हाय ही, नं पोटुशी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "बालंतपन काय हिरीत करल? हिला माहेरी न्यावाची."

"घरची लक्षुमी कोन बाहेर काढतं?" गोमाजी म्हणाला.

"आपली मालू पयल्या खेपेला आपल्याकडं आयली. तिच्या सासऱ्यानं हाच सांगला असता त?"

लेक मालू तेव्हा तान्ह्याला घेऊन ओसरीवरच बसली होती. गोमाजी उठला नि जाळं घेऊन आला.

जाळं दिसताच मी तळाच्या गाळात घुसले. पुन्हा जाळ्यात? नको रे बाबा! पाण्यातली हवा मी कातडीतूनही थोडी घेते, त्यामुळे लवकर वर येत नाही. गोमाजी घामाघूम झाला.

"पोटुशीला कोन जाल्यान धरून नेतं?" आवडाबाई हसली. "तिचं डोहालं पुरवा."

तिनं टोपलीत ती बुडावी म्हणून एक दगड नि माशांची डोकी घालून ती दोरीनं खाली सोडली. आणि काय सांगू, जाळ्याची भीती विसरून मी आपण होऊन टोपलीत जाऊन बसले!

नदीकाठी तिनं माझ्या पाठीला हळदकुंकू लावलं, पुढ्यात तांदूळ-नारळ ठेवून माझी ओटी भरली. मी मागच्या पायांनी माती उकरू लागले, तसा गोमाजी वाकून बघायला लागला. आवडाबाईनं त्याला खांद्याला धरून पाठमोरा बसवला आणि स्वतःही नदीकडं पाठ करून बसली. मी अंडी घातली, माती लोटली, पोटानं दाबली आणि पाण्यात शिरले.

"झाली बाई मोकली," मागून आवाज आला. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मित्रांनो, तुमच्याही विहिरीत कोणी हौसेनं कासव सोडलं असेल. त्याला भात घाला, हात जोडा, पण मग नदीवर पोहोचतं करा. आणि काठ सिमेंटनं बांधून काढाल, तेव्हा थोडी माती उघडी राहू द्या. आमच्या लेकींना बाळंतपणाला यायचं असतं.