शेपटाची गाठ

मामाच्या बोटीवर आजवर बाईचं पाऊल पडलं नव्हतं. बर्फ फोडायला, जाळी सांधायला, उतरलेली मासळी निवडायला बायकाच असत, पण ते सगळं धक्क्यावर. बाई बोटीत चढली की मासे पळतात, असं खलाशी म्हणत. माशांना ही बातमी कोण पोचवतं, ते मात्र कुणी सांगत नसे.

मामाच्या भाचीला सगळे सुई म्हणत. जाळ्यांच्या शेडमध्ये आईशेजारी बसून ती फाटकी जाळी सांधायची. तिने बुजवलेलं भोक पुन्हा कधी उघडलं नाही. पण तिला जायचं होतं बोटीवर, खलाशी म्हणून, आणि मामा कधीपासून नुसता "बघू, बघू" करत होता. शेवटी त्याचा एक खलाशी लग्न करून सासऱ्याच्या दुकानात जाऊन बसला. बोटीवर जागा झाली. तेव्हा सुईची आई भावाला म्हणाली, "तुझं पहिलं जाळं मी विणलंय. तेव्हा बाईचा हात कसा चालला रे तुला?"

बोटीवर कप्तान असलेला मामा ताईपुढे धाकटा भाऊच होता. "एक फेरी," तो म्हणाला. "जाळं रिकामं आलं, तर ही परत शेडमध्ये. आणि बूट माझे जुने घालू दे. एका फेरीसाठी नवे घेणार नाही."

बूट एवढे मोठे होते की सुईने दोन्हींत चिंध्या कोंबल्या. तरी चालताना आधी ती पुढे जाई आणि बूट मागून येत.

इथे जाळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पायजम्याचा एक पाय डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला रुंद तोंड, दुसरीकडे निमुळतं शेपूट. बोट हे जाळं पाण्यातून ओढत नेते, मासे तोंडातून शिरतात आणि शेपटाशी साठतात. मात्र शेपूटही उघडंच असतं. जाळं सोडण्याआधी ते दोरीने बांधायचं. जाळं वर आलं की दोरीला एक हिसका द्यायचा, गाठ सुटते आणि मासे डेकवर पडतात.

ही गाठ मामा दुसऱ्या कुणाला बांधू देत नसे. त्या सकाळी दोरी हातात घेऊनच तो सुईला म्हणाला, "बाजूला हो. तिथे नको, दोर अंगावर येईल. तिथे तर मुळीच नको. अगं, तिकडे इंजिन आहे." तिने कुठे उभं राहायचं नाही हे दाखवता दाखवताच त्याने जाळं सोडायची खूण केली.

जाळं वर आलं ते वाळत घातलेल्या टॉवेलसारखं. एक खेकडा होता, तोही बाहेरून लटकलेला.

"मी काही बोलत नाही," स्वयंपाकी म्हणाला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. इंजिनवाल्याने विचारलं, "कप्तान, वळवू का बोट?" मामाने मान हलवली. त्याला वाईट वाटत होतं, पण शब्द म्हणजे शब्द.

सुई जाळ्याकडे बघत होती. शेपटाची दोरी मोकळी लोंबत होती. पण चारचौघांत मामाला तोंडावर पाडलं, तर गाठीचा राग आपल्यावर निघणार, हे ती चांगलं ओळखून होती.

"मामा," ती म्हणाली, "परत जायचंच आहे, तर ती शेपटाची गाठ तेवढी दाखव ना. आईला सांगेन, काहीतरी शिकून आले."

शिकवायचं म्हटलं की मामाची कळी खुलायची. त्याने शेपूट ओढून घेतलं. "हे बघ. आधी बांधलेली गाठ नीट पाहून घ्यायची. ती इथे..." तो थांबला. दोरी त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"इथे काय, मामा?"

"इथे ती असते."

"आणि नसली तर?"

मामाने समुद्राकडे पाहिलं. "नसली, तर मासे इकडून येतात आणि तिकडून घरी जातात."

स्वयंपाक्याला एकदम पातेल्यात काहीतरी बघायचं आठवलं.

"वळवू ना?" इंजिनवाल्याने पुन्हा विचारलं.

"कशाला? जाळं परत टाकायचंय," मामा खेकसला. मग सुईला हळूच म्हणाला, "या खेपेला तूच बांध. माझं लक्ष चार ठिकाणी असतं." आणि गाठ दाखवायची राहिली आहे हे विसरून तो निघून गेला.

सुईने बांधली.

दुसऱ्यांदा जाळं वर आलं तेव्हा बोट एका अंगाला झुकली. फुगलेलं शेपूट डेकवर लोंबू लागलं. मामाने ऐटीत दोरीला हिसका दिला. काही झालं नाही. तो दोरीला लटकला. स्वयंपाकी त्याच्या कमरेला लटकला. मासे वरच.

"सुई, ही गाठ कुठली?"

"शेडमधली."

"सुटते कशी?"

"सुटत नाही, मामा. सुटली तर आई रागावते."

बोट डोलली की शेपूट झोका घेई आणि सगळे खाली वाकत. अखेर मामा सुरी घेऊन पेटीवर चढला आणि त्याने दोरी कापली. पुढच्या क्षणी तो कमरेपर्यंत मासळीत उभा होता.

"मामाला बांधायचं सुचत नाही आणि भाचीला सोडायचं," स्वयंपाकी म्हणाला. "एका घरातली आहेत खरी."

धक्क्यावर सुईची आई वाट बघत होती. "कशी झाली फेरी?"

"पहिल्यांदा मासे आले, पण थांबले नाहीत," मामा म्हणाला.

"आणि मग?"

"मग थांबले ते उतरायलाच तयार नव्हते."

आईने जाळ्याच्या शेपटाकडे पाहिलं. "ही दोरी कुणी कापली रे?"

 मामाने खाली वाकून सुईच्या बुटातून ओली चिंधी ओढून काढली आणि विचारलं, "पायाचं माप काय गं तुझं?"