पंप गप्प झाल्यावर

पंपाची घरघर चालू असली की फुलाबाईचा जीव जागेवर असायचा. सोलापूरच्या कडेला, चढावरच्या टाकीला पाणी रेटणारा हा पंप तिला जात्यासारखा. तो बोलतोय तोवर घर जागं. भ्यायची ती त्याच्या मुकेपणाला. तिचा नवरा श्रीमंत इथंच ऑपरेटर होता. एकदा लाइट गेली, पंप गप्प झाला, आणि चढावरचं सगळं पाणी माघारी फिरून असं आदळलं, की पाइपाची लोखंडी झडप फुटून त्याच्या छातीवर आली. आधी शांतता आली, मग मरण. त्याच्या जागेवर ती कामाला लागली.

आणि आता देवयानीताई, पाणीपुरवठ्याच्या तरुण इंजिनीअर, तीच शांतता रोज आणायला आल्या होत्या. संध्याकाळची वीज महाग. म्हणून टाकी दुपारीच भरून घ्यायची, सांजेला पंप थांबवायचा, बिल बरंच खाली येईल, असं त्यांनी समजावलं.

“भाजीचा भाव सांजच्याला उतरतो, आन तुमच्या विजेचा चढतो व्हय?” फुलाबाई हसली, पण ओठ कोरडेच राहिले.

नवं यंत्र पंपाचा वेग हळूहळू उतरवतं, पाण्याला उसळू देत नाही, हेही ताईंनी सांगितलं. तिला पटलं, पण पटलेलं डोक्यातच राहिलं, छातीत उतरेना. बटण रोज तिनंच दाबायचं होतं. जमत नसेल तर दुसरीकडं बदली. श्रीमंत जिथं शेवटचा उभा होता ती फरशी सोडून ती जाणार कुठं?

“ताई, तुमी भायेर उभ्या ऱ्हावा.”

“अहो मावशी, काही होत नाही.”

“आमचं मालकबी असंच म्हनायचं.”

देवयानी उंबऱ्याबाहेर गेल्या. फुलाबाईनं बटण दाबलं.

घरघरीची गुणगुण झाली, गुणगुणीचा उसासा, मग काहीच नाही. बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. या पंपघरात त्या तिनं कधी ऐकल्या नव्हत्या. पाइपात, वर कुठंतरी, पाणी थबकलं. वळलं. उतरू लागलं. तिला पळावं वाटलं. पण दारात परक्याच्या लेकीची सावली होती. फुलाबाई पाइपाकडं तोंड करून दारात आडवी उभी राहिली.

टक्. झडप बसली, इतकंच.

“झालं की, मावशी.” देवयानी आत यायला निघाल्या.

फुलाबाईनं चौकट धरलेले हात सोडले नाहीत.

“जमंल मला,” ती म्हणाली. “पर रोज भ्यावं लागंल. तेवडं चालवून घ्या.”