घासून गेलेली नाव

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा चौरंग. एके काळी हळदीसारखा पिवळा होतो. आता काळा पडलोय, एक पाय आखूड झालाय आणि त्याखाली दुमडलेला पुठ्ठा आहे. हनोईच्या एका अरुंद गल्लीत, जिन्याजवळच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. फार बोलायची शक्ती आता राहिली नाही. तरी सांगतो, कारण जे घडलं ते माझ्याच पाठीवर घडलं.

उयेनच्या मामानं मला तिच्या लग्नासाठी बनवलं. तो गावचा सुतार होता. "दोघंही चित्रकार आहात, समोरासमोर बसून काम करा," असं म्हणून त्यानं मला मुद्दाम रुंद आणि बुटका केलं. उयेन आणि तिचा नवरा विन्ह एकाच कलाशाळेत शिकले होते. उयेन दोन वर्षांनी मोठी, आणि रंगात तिचा हात जास्त तयार. शाळेत तो तिला ताई म्हणायचा, अहोजाहो करायचा. लग्न झालं आणि आमच्या रीतीप्रमाणे सगळं उलटं झालं. नवरा थोरला, बायको धाकटी. ती त्याला 'अहो' म्हणू लागली आणि तो तिला 'अगं'. सुरुवातीला दोघांनाही हसू यायचं. मग सवय झाली.

त्यांचं काम झाडाच्या चिकाचं. फळीवर चिकात कालवलेले रंग, सोन्याचा वर्ख, बदकाच्या अंड्याची टरफलं असे थर चढवायचे, प्रत्येक थर दमट जागी सुकवायचा, कारण हा चीक ओलाव्यातच घट्ट होतो, आणि वरून काळा थर द्यायचा. मग पाणी शिंपडत दगडानं घासून चित्र पुन्हा वर आणायचं. कमी घासलं तर चित्र अंधारात राहतं, जास्त घासलं तर कायमचं जातं.

सुकवायला जिन्याखालचं एकच कपाट होतं, आतून ओल्या गोणपाटानं मढवलेलं. त्यात एका वेळी एकच मोठी फळी मावायची.

"तुमचं आधी होऊ दे," उयेन म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली. पण त्यानंतर कोणाचं आधी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाच नाही.

विन्ह रेखाटायचा, रंगांचे थर द्यायचा. घासायचं काम हळूहळू उयेनकडे आलं, कारण त्याला धीर नव्हता. तो मात्र तिच्या डोक्यावर उभा राहायचा.

"बास. थांब आता."

"अजून नाही."

"अगं, चित्र माझं आहे."

"आणि दगड माझ्या हातात आहे. चहा ठेवा जा."

तो कुरकुरत चहा ठेवायचा. पहिला पेला तिला द्यायचा, तिची बोटं पाण्यानं सुरकुतलेली असायची म्हणून स्वतः धरून पाजायचा. मित्रांनो, ते दिवस रेशनचे होते, तांदळात खडे निघायचे. पण माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि मी खूश होतो.

एकदा कलासंघाचे काही बडे लोक घरी आले. तेव्हा माझ्यावर विन्हचं आजवरचं सगळ्यात मोठं चित्र होतं. संध्याकाळची लाल नदी आणि मधोमध एक नाव. पाहुण्यांनी उयेनकडे बघून विचारलं, "या पण चित्र काढतात?"

"काढायची पूर्वी," विन्ह म्हणाला. "आता मला घासायला मदत करते. संसार सांभाळून जमेल तेवढं."

उयेननं पाहुण्यांना लिंबाचं सरबत दिलं. ते गेल्यावर विन्हही त्यांना सोडायला गेला. मग ती माझ्यापाशी बसली आणि घासू लागली. इतक्या जोरानं तिनं मला कधी दाबलं नव्हतं. नावेतला नावाडी गेला, शीड गेलं, मग नावच गेली. उरली नुसती नदी, आणि नाव होती तिथं एक फिकट सोनेरी डाग.

विन्ह परत आला. त्यानं चित्राकडे पाहिलं. मग खाली बसला.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

कलासंघाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं चित्र तसंच प्रदर्शनाला पाठवलं. त्या वर्षीचं मोठं पारितोषिक त्यालाच मिळालं.

वर्तमानपत्राचा माणूस घरी आला. चित्रात आधी नाव होती, हे त्यानं त्या पाहुण्यांकडून ऐकलं होतं; ती का गाळली, असं त्यानं विचारलं. विन्हनं एकदा उयेनकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "जे निघून गेलं तेच जास्त दिसावं, असं मला वाटत होतं." माणसानं ते लिहून घेतलं. उयेन स्वयंपाकघरात गेली आणि गळ्यातल्या रुमालात तोंड खुपसून हसत राहिली. हसता हसता केव्हा रडू लागली ते मला कळलं नाही.

पुढच्या चित्राच्या वेळी विन्ह हळूच म्हणाला, "यातही तसंच काही कर ना."

"तसं रागावता आलं पाहिजे परत," ती म्हणाली. "तेवढी ताकद नाही माझ्यात."

मग विन्हचं नाव झालं. तो परदेशी जाऊ लागला. एका वसंतात, झिमझिम पावसाच्या दिवसांत, तो बाहेर असताना उयेननं स्वतःची एक फळी कपाटात ठेवली. दुकानापुढं रांगेत उभ्या बायकांचं चित्र होतं ते. तो परतला, मोठं काम घेऊन. तिची फळी ओली असतानाच त्यानं बाहेर काढून भिंतीला टेकवली. वर धूळ बसली, वरच्या थराला सुरकुत्या पडल्या.

"तू परत करशील गं. तुझा हात काय, चालतोच," तो म्हणाला. हे त्याला कौतुक वाटत होतं.

उयेननं ती फळी परत केली नाही. भांडलीही नाही. मला वाटतं, भांडली असती तर बरं झालं असतं. पुढची कित्येक वर्षं ती माझ्यापाशी बसली, घासत राहिली, आणि वेळेवर थांबत राहिली. चित्रं चांगली झाली. घर मात्र गप्प झालं.

म्हातारपणी विन्हला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. उयेन त्याला भरवायची, दाढी करून द्यायची. चित्रं विकणारी एक बाई, श्रीमती लान, येऊन म्हणाली, "लोकांना विन्हच हवे आहेत. तुम्ही काढा, सही त्यांची करा. कोणाला कळणार?"

"सही आधीही मीच करायचे," उयेन म्हणाली. "त्यांची बारीक रेघ हलायची."

ती रंगवू लागली. आणि समोर, डाव्या हातात दगड घेऊन, विन्ह घासू लागला. आता ती डोक्यावर उभी असायची.

"थांबा."

"थोडं राहिलंय."

"मी सांगतेय ना."

तो थांबायचा. एकदा त्यानं मान वर न करता विचारलं, "इतकी वर्षं असं वाटायचं तुला?"

"रोज," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचं पाणी पुसलं.

त्याच्या गौरवाचं प्रदर्शन भरलं तेव्हा मलाही नेऊन दिव्याखाली ठेवलं होतं. चाकांच्या खुर्चीतून विन्ह अडखळत बोलला, "ती नाव मी गाळली नाही. हिनं घासून टाकली. माझ्यावर चिडून. आणि या शेवटच्या चित्रांत माझं काहीच नाही." लोक हसले, टाळ्या वाजल्या. केवढा नम्र माणूस, असं माझ्या शेजारी उभं असलेलं कोणी म्हणालं. विन्ह गोंधळून उयेनकडे बघत राहिला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मी सांगितलं ना खरं."

"सांगितलंत," ती म्हणाली. "आता झोपा."

गेल्या हिवाळ्यात विन्ह गेला. संग्रहालयातून एक मुलगी आली. कुंचले, चष्मा, खुर्ची घेतली. मलाही न्यायचं ठरलं. माझ्याजवळ लावायच्या पाटीचा मजकूर ती उयेनला वाचून दाखवत होती.

"आजी, तुमच्याबद्दल 'पत्नी आणि सहायक' असं लिहू?"

उयेननं माझ्या कडेवरून हात फिरवला. "पत्नी राहू दे. ते खरं आहे. सहायक खोड. मदत कोणीच कोणाला केली नाही, बाळ. आम्ही भांडलो, आणि त्यातून चित्रं झाली."

"मग चित्रकार लिहू?"

"लिही," ती म्हणाली. "आणि दार ओढून घे जाताना. मला जरा आडवं व्हायचंय."

मित्रांनो, आता मी संग्रहालयात आहे. कोणी हात लावत नाही. माझी निगा छान राखली जाते, पण लाकडाला पाणी लागत नाही, माणसाचं वजन लागत नाही, म्हणून मी आतून तडकतोय. तुमच्या घरात कोणी दोघं मिळून काही घडवत असतील तर एवढंच करा. कोणाचं आधी, हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारा. दोघंही उत्तर द्यायला असेपर्यंत विचारा.