लाल शाईतला काना

तुळजाबाईच्या पत्राला सुधाकररावांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. नार्नूरहून आलेलं ते कार्ड त्यांनी उर्दू-मराठी कोशात खुणेसारखं घालून ठेवलं होतं. "दादा, इचोड्याच्या झाडांच्या बागेत दिवाळीले मोठी लायटिंग करतात म्हणे. माही तीनचाकी आत जाते का, विचारून कळव. जात असन तरच येईन." ही त्यांची पाठची बहीण. कापसाच्या गाडीवरून पडली, तेव्हापासून कमरेखाली लुळी.

त्यांनी विचारलं होतं. तोंडाने बोलायचा धीर नव्हता, म्हणून बागेच्या समितीला अर्ज लिहिला. पुढचं फाटक फिरतं, एका वेळी एकच माणूस जाईल असं. निजामाच्या शाळेत शिकलेल्या सुधाकररावांना अर्जातले शब्द उर्दूच सुचत. 'माझी बहीण माजूर आहे, तिच्या गाडीसाठी मागचं मोठं फाटक उघडावं.' तोच अर्ज परत आला. 'माजूर'मधला काना लाल शाईने खोडलेला आणि खाली शेरा: 'मजुरांना मागील फाटकाने प्रवेश सकाळी आठ ते पाच. रोषणाईच्या वेळी मनाई.'

आपलंच शुद्धलेखन चुकलं, असं त्यांना वाटलं. लाल शाईपुढे कोश काय उघडायचा? लाजेने त्यांनी बहिणीलाही काही कळवलं नाही. दिवाळी निघून गेली.

यंदा दिवाळीला आठ दिवस उरले असताना दुसराच शब्द शोधायला त्यांनी कोश उघडला आणि कार्ड खाली पडलं. ते वाचून झाल्यावर त्यांनी 'माजूर' काढला. असमर्थ, अपंग. कान्यासकट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग जुना अर्ज खिशात घालून, कोश बगलेत मारून ते तडक बागेत गेले.

बागेच्या पत्र्याच्या खोलीत समितीचा मुन्शी महिपत चहा पीत होता. दारासमोर डोमाजी शिडीवर चढून बेलाच्या झाडाला बल्बांची माळ बांधत होता.

सुधाकररावांनी अर्ज त्याच्यापुढे धरला. "हा शेरा तुझा?"

"माहाच. चूक दुरुस्त करून देली होती, काका. लोक काहीबी लिहितात."

सुधाकररावांनी कोश त्याच्या चहाच्या बशीवर ठेवला. "वाच."

महिपतने वाचलं आणि हसला. "मंग सरळ लंगडी लिहाचं ना. निजाम जाऊन किती वर्षं झाली."

"लंगडी नाही ती. तिले चालताच येत नाही." सुधाकररावांचा आवाज फाटला. "अन् मजूर असती तरी मनाई काऊन? तो शिडीवर कोन आहे?"

"मले विचारा," डोमाजी वरून म्हणाला. "तीन वर्षं झाली माळा बांधून राह्यलो. पेटलेली एकबी पाह्यली नाही."

"तू आपलं काम कर, डोम्या." महिपत सुधाकररावांकडे वळला. "काका, गरम काऊन होता? चार जण उचलून नेऊ ना बाईले."

"ती कापसाचं बोचकं नाही. कोनाले उचलू द्याचं नाही, म्हणून तर गाडी घेतली तिनं." त्यांनी खिशातलं लाल पेन पुढे केलं. "काना दे."

"कमिटीले विचारा लागते."

"खोडताना विचारलं होतं?"

महिपतने पेन हातात घेतलं.

"देऊन टाका, मुन्शी," शिडीवरून आवाज आला. "एक दांडी तर ओढाची हाये."

महिपतने दांडी ओढली. सुधाकररावांनी बोट खाली सरकवलं. "आता मनाई खोड. अन् लिही, माजूर आणि मजूर, दोघांसाठीही मागचं फाटक संध्याकाळी सहा ते नऊ उघडं. शिक्का मार."

शिक्का बसला, तसे ते मागच्या फाटकाशी गेले आणि छत्रीने माप घेतलं. दोन छत्र्या आणि वर वीतभर. तीनचाकी सहज गेली असती. गेल्या वर्षीही.

महिपतवरचा राग तिथेच उतरला. पोस्टापर्यंत सोबत आला तो स्वतःवरचा. एका पोराने दांडी खोडली आणि आपण तिला वर्षभर वाट पाहायला लावली.

पोस्टाच्या बाकावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं. 'तुळजे, तुझी गाडी जाते. मागच्या दिवाळीतही गेली असती. लिहायला मी भ्यालो. पाडव्याच्या आदल्या दिवशी ये, मी बसस्टँडवर उभा राहतो.'

शुद्धलेखन न तपासता त्यांनी ते पेटीत टाकलं.