एक नंबर

दाजींना गाडीतून आणलं म्हणण्यापेक्षा टाकलं म्हणणं बरं. कानसेनच्या गॅरेजच्या तेलकट फरशीवर ते गुडघ्यांवर आपटले. एक डोळा सुजून बंद, खालचा ओठ फाटलेला, शर्टाच्या खिशावर वाळलेलं रक्त. हात मात्र दोन्ही शाबूत होते. ते का शाबूत ठेवलेत, हे लगेच कळलं.

"कानसेन," मालक म्हणाले, "माझी गाडी थरथरते, धूर ओकते, चढावर मान टाकते. माझा धाकटा भाऊ म्हणतो, तुझ्या दाजीने चांगलं ऑइल विकून खाल्लं आणि आत चिखल भरला. तू बघ आणि सांग. याने केलं असेल, तर याची बोटं इथेच, तुझ्या बाकावरच्या शिकंज्यात."

मालकांचा आवाज कधी चढत नसे. माणूस तुडवतानाही ते आजाऱ्याची विचारपूस करावी तसे बोलत. त्यामुळेच त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

चालू इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतला आजार सांगायचा, म्हणून त्याला कानसेन म्हणत. आज त्याला स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू येत होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, मालकांच्या गाडीवरचे ड्रायव्हर. आई गेल्यावर ताईनेच कानसेनला वाढवलं होतं, आणि सकाळपासून तिचा एकच धोशा चालला होता: "त्यांना उचलून नेलंय रे, बोटं तोडू म्हणत होते. काहीही कर, पण माझा माणूस मला परत आणून दे."

मालकांचा धाकटा भाऊ जॅकचा लोखंडी दांडा तळहातावर आपटत उभा होता. दाजींना सकाळभर यानेच तिंबलं होतं. "बघायचंय काय त्यात?" म्हणत त्याने दाजींच्या बरगडीत लाथ घातली. दाजी कुशीवर कलंडले. ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसती हवा निघून गेली.

"इंजिन बघेपर्यंत हात लावू नका," कानसेन म्हणाला.

धाकट्याने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की डावा कान सुन्न झाला आणि आत शिट्टी वाजू लागली. "मला शहाणपण शिकवतोस? कान गेला तर खाशील काय, कानसेन?"

मालक हसले. धाकट्याचे विनोद त्यांना आवडायचे.

कानसेनने बॉनेट उघडलं आणि स्कॅनर लावला. पडद्यावर एक नंबर सिलिंडर मिसफायर, म्हणजे पेटतच नाही, असं आलं. त्याने इंजिन चालू केलं. सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी हलायला लागली. उजवा कान मुठीला लावून त्याने ठिणगी पाडणाऱ्या एकेका कॉइलची पिन काढून बघितली. तीन ठिकाणी पिन काढली की इंजिन आणखी रडायचं. गिअरबॉक्सकडच्या टोकाची काढली, तर त्याला काही सोयरसुतकच नाही. म्हणजे तोच सिलिंडर मेलेला.

मग प्लग काढून त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. तिघांचा काटा एकशे साठाच्या घरात गेला, मेलेल्याचा चाळिसावरच अडला. प्लगच्या भोकातून हवा सोडली, तर ती ऑइलच्या झाकणातून फुसफुसत बाहेर आली. झडपा ठीक होत्या. पिस्टनच फुटला होता. कॅमेरा आत घातल्यावर तेही दिसलं: पिस्टनची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली.

"बघ! चिखल!" धाकटा म्हणाला आणि त्याने दाजींचा उजवा हात पिरगाळून शिकंज्यात घातला. मूठ फिरवली. जबडे बोटांना टेकले. आता मात्र दाजी ओरडले.

"चिखलाने असं होत नाही," कानसेन घाईघाईने मालकांना म्हणाला. "ऑइल खराब असतं तर आधी हा हवा कोंबणारा टर्बो मेला असता. हा बघा." त्याने टर्बोचा पाइप काढून आतला पंखा बोटाने हलवला. पंखा तसूभरही डगमगला नाही. "आणि हा दांडा बघा. टर्बोचा जास्तीचा दाब यानेच सुटतो. कुणीतरी पान्हा घालून तो आवळलाय, नटाचा रंग उडालाय. पळवायच्या हौसेने दाब वाढवला, आणि तो पिस्टनला सोसला नाही."

"यानेच आवळला असेल," धाकटा म्हणाला. आवाज मात्र थोडा पातळ झाला होता.

तेवढ्यात कानसेनला ते दिसलं. चार कॉइलपैकी तीन जुन्या, धुळकटलेल्या. चौथी नवीकोरी. आणि ती मेलेल्या सिलिंडरवर नव्हती, पार दुसऱ्या टोकाला होती, पट्ट्याकडे, जिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. म्हणजे एक नंबर मेलाय हे कुणाला तरी आधीच कळलं होतं. त्याने गुपचूप कॉइल आणली, बदलली, आणि बदलली ती भलत्याच टोकाला.

पुढे काय होणार, हे त्याला विचारण्याआधीच कळलं होतं. तरी त्याने विचारलं, आणि खोटं कशाला बोला, विचारताना त्याला गोड वाटलं.

"धाकटे मालक, तुम्हाला गाड्यांतलं कळतं. यातला एक नंबर कुठला, जरा दाखवा बरं."

"एवढंही येत नाही होय तुला?" धाकट्याने ऐटीत बोट ठेवलं. पट्ट्याकडच्या टोकावर, नव्याकोऱ्या कॉइलवर. "पट्ट्याकडून मोजतात. एक, दोन, तीन, चार."

"दाजी, तुम्ही सांगा."

दाजींनी डोकं वर केलं. बोटं अजून शिकंज्यात होती. "या गाडीचा उलटा असतो," ते फाटक्या ओठांनी म्हणाले. "गिअरबॉक्सकडून. तूच तर शिकवलंस."

कानसेनने प्लग बसवले, इंजिन पुन्हा चालू केलं आणि नव्या कॉइलची पिन काढून स्कॅनर मालकांपुढे धरला. पडद्यावर चार नंबर उमटला. म्हणजे पट्ट्याकडून मोजणाऱ्यानेच नवी कॉइल भलत्या जागी घातली होती.

मालकांनी इंजिन बंद केलं. शिकंज्याची मूठ त्यांनी स्वतः सैल केली. मग धाकट्याकडे वळून विचारलं, "कॉइल कधी घातलीस, बाळ?"

"दादा, मी तुला सांगणारच—"

पहिला ठोसा नाकावर बसला. धाकटा बॉनेटखाली आडवा झाला, त्याचं रक्त गरम इंजिनावर पडून चरचरलं. मालकांनी त्याच्या हातातला दांडा काढून घेतला आणि दाजींपुढे धरला.

"सकाळपासून तू खाल्लंस. आता परतफेड कर."

दाजी दांडा टाकून देतील, असं कानसेन धरून चालला होता. या माणसाने रस्त्यात कुत्रं आलं तरी गाडी थांबवावी, असा त्यांचा लौकिक. ताई त्यावरून त्यांना चिडवायची.

दाजींनी दांडा घेतला, नीट तोलला आणि धाकट्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज कानसेनच्या सुन्न कानालाही कळला. दुसरा घाव कोपरावर, तिसरा गुडघ्यावर. "दादा! दादा!" असा धाकट्याने टाहो फोडला. मालक मोबाइल बघत होते. धाकटा बेशुद्ध पडला, तरी दांडा खाली येतच राहिला.

"दाजी, बास! मरेल तो!" कानसेनने मागून मिठी मारली. दाजींनी कोपर मागे हाणलं. कानसेनचा दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. तो खाली पडला तसे दाजी त्याच्याकडे वळले, दांडा उगारून. उघड्या डोळ्याने त्यांनी त्याला ओळखलं. ओळखलं, आणि तरीही उगारलेला हात आवरायला त्यांना वेळ लागला.

"हात चांगला आहे तुझा," मालक म्हणाले. "इतके दिवस नुसतं स्टिअरिंग फिरवत होतास? धाकट्याच्या जागी मला माणूस लागेल."

"येतो," दाजी म्हणाले. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

"दाजी, घरी चला," कानसेन फरशीवरून म्हणाला. "ताईने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. तिला मी शब्द दिलाय."

"तिला सांग, जेवून घे," दाजी म्हणाले. त्यांनी दांडा कापडाने स्वच्छ पुसला आणि तो घेऊन मालकांच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर जाऊन बसले. दाराशी उभ्या मालकांच्या माणसांनी धाकट्याला उचलून मागे घातलं. जीप निघून गेली.

फोन वाजला. कानसेनने तो सवयीने डाव्या कानाला लावला, मग उजव्याला.

"सुटले का रे ते? बोटांना काही केलं नाही ना?"

"नाही ताई," तो म्हणाला. "बोटं एकदम शाबूत आहेत."

ती हुंदके देत देवाचे आभार मानू लागली. त्याला ते थांबवता येईना.