खालून आलेला हात

मी एक म्हातारी इग्वाना आहे. दिसायला सरड्यासारखी, पण लांबीला माणसाच्या हाताहून मोठी, आणि पोटाने पक्की शाकाहारी. निकाराग्वातल्या लेओन शहरात, सुत्याबा वस्तीतल्या एका चिंचेवर मी राहते. माझी हिरवी शेपटी मध्येच संपते आणि पुढे एक काळसर, बोथट तुकडा उगवलेला आहे. मित्रांनो, ती शेपटी कशी गेली, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

त्याआधी माझ्या डोक्यावरच्या डोळ्याविषयी सांगते. आम्हा इग्वानांना माथ्यावर एक तिसरा डोळा असतो. तो उघडून आम्ही कुणाला भस्म करीत नाही. त्याला चेहरे दिसत नाहीत, फुले दिसत नाहीत, फक्त वरून पडणारी सावली कळते. ससाणा आला की सावली पडते आणि आम्ही पळतो. माझ्या घराण्यात जे जगले ते या डोळ्यामुळे जगले.

मी बोटभर होते तेव्हा चेलो नावाच्या माणसाने मला माझ्या भावंडांसह पकडून बाजारात आणले. जाळीच्या पिंजऱ्यात आम्ही एकमेकांच्या अंगावर चढून बसत असू. एके सकाळी यास्कारा नावाची मुलगी तिच्या आजीचा, दोन्या एउफेमियाचा, पदर धरल्यासारखी झगा धरून आमच्यापुढे उभी राहिली. इकडे मोठ्या बायकांना मानाने दोन्या म्हणतात.

"मला हातात बसणारी हवीय," यास्कारा म्हणाली. "मामाचा पोपट बोटं फोडतो, तसलं काही नको."

"हातात बसणारी?" चेलो हसला. "माझे हात बघ, पोरी. चाळण झालीय."

आजीने वरून हात घातला. सावली पडली. माझ्या शेजारच्या भावाने शेपटीचा असा फटका दिला की तिच्या मनगटावर वळ उठला.

"मेल्या! अजून अंड्यातून नीट बाहेर आला नाहीस, आणि मस्ती बघा."

"तो तसलाच आहे. राहू दे त्याला," चेलो म्हणाला. "मोठा झाला की दोन्या चेपा येईलच न्यायला."

यास्कारा मात्र खाली बसली. तिने तळहात पिंजऱ्याच्या तळाशी सरकवला आणि तसाच ठेवला. तो हात ऊन होता. त्याची सावली माझ्यावर पडली नाही. तो हळूच माझ्या पोटाखाली आला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"आजी, बघ ना, डोळे मिटले हिने. हिला आवडलं."

खरे सांगू का मित्रांनो, आवडले वगैरे काही नव्हते. मी भीतीने डोळे मिटले होते. पण मला निवडले गेले आणि माझा भाऊ जाळीतच राहिला. त्या दिवशी मी माझ्यापुरता एक धडा घेतला: जी स्वस्थ बसते ती वाचते.

पुढची वर्षे सुखाची गेली. अंगणात भिंतीवर ऊन येई, यास्कारा मला कोवळी पाने आणि तांबडी जास्वंदीची फुले भरवी. तिने मला कधी शेपटीला धरून उचलले नाही. कधी वरून हात घातला नाही. हळूहळू मी डोळे उघडे ठेवू लागले. मला ती मुलगी फार आवडू लागली, हे मी मोकळेपणाने सांगते.

मग माझे कौतुक सुरू झाले, आणि घात तिथेच झाला. गल्लीतली पोरे अंगणात जमत आणि यास्कारा बाई होऊन त्यांना शिकवी.

"हात खालून आणायचा, वरून नाही. तळवा पोटाखाली, मागच्या पायांना आधार. आणि घाई करायची नाही, कळलं?"

पोरे एकेक करून मला उचलत. मी स्वस्थ बसे.

"यास्कारा, किती मिरवशील तिला?" आजी चुलीजवळून ओरडे. "मिरवणुकीतली मूर्ती आहे का ती?"

"असू दे ग आजी. ती कुणालाच चावत नाही."

"तेच म्हणतेय मी."

आता दोन्या चेपाविषयी सांगायला हवे. ती भिंतीपलीकडची शेजारीण. ईस्टरच्या आधी इथे मोठे उपास असतात. त्या दिवसांत मांस वर्ज्य. पण आमची गणती मांसात होत नाही. हे कुणी ठरवले ठाऊक नाही, आम्हाला तर विचारले नव्हते. मक्याचे पीठ लावलेले आमचे दाट कालवण दोन्या चेपाइतके चांगले कुणाला जमत नाही, असे सगळी वस्ती म्हणते. अंड्यांवर आलेली मादी असली तर विचारायलाच नको. आणि आम्ही अंड्यांवर येतो ते नेमके त्याच दिवसांत.

त्या वर्षी पारध्यांची पोती रिकामी येत होती. दोन्या चेपा भिंतीवरून डोकावली.

"काय ग, अंडी धरलीत वाटतं हिनं?"

"हो ना! पोट बघा किती टम्म झालंय," यास्कारा कौतुकाने म्हणाली.

चेपा अंगणात आली. तिने अंगठ्याने माझे पोट चाचपले, फळ पिकले का बघावे तसे. "आणि तू उचलतेस कशी हिला? माझ्याकडच्या तर नुसत्या फटकारतात."

यास्काराने दाखवले. चेपाने पुन्हा दाखवायला सांगितले, तेव्हा पुन्हा दाखवले. मग चेपाने स्वतः मला उचलले. खालून, सावकाश. माझा तिसरा डोळा गप्प राहिला.

"शहाणी आहे हो," ती म्हणाली आणि मला जपून खाली ठेवून गेली.

आजीचे हात पिठात तसेच राहिले होते. "चेपा वाईट नाही. माझ्या लग्नाचा स्वयंपाक तिच्या आईनं केला. पण या दिवसांत तिच्यापुढे अंड्यांवरची इग्वाना धरायची नसते, पोरी."

"शेजारीण आहे ना आपली?"

"म्हणूनच सांगतेय."

ईस्टरच्या आधीचा मोठा शुक्रवार, गुड फ्रायडे, आला. वस्तीतले सगळे लोक मिरवणुकीसाठी रस्त्यावर रंगीत लाकडी भुशाचे गालिचे घालायला गेले. यास्कारा आणि आजीही गेल्या. अंगणात मी एकटीच ऊन खात पडले होते. आणि हात आला.

तो खालून आला. तळवा पोटाखाली, मागच्या पायांना आधार, घाई नाही. सगळे अगदी शिकवल्याप्रमाणे. "ये ग बाई," दोन्या चेपा हळू आवाजात म्हणाली. मी स्वस्थ होते. माझ्या सवयीने मी जीभ काढून तिच्या मनगटाला लावली. कांदा लागला, कालवणाला लाल रंग देणारी शेंद्री लागली. आणि त्याखाली, कितीही धुतले तरी न जाणारी, एक ओळखीची चव लागली. जाळीच्या पिंजऱ्यात आम्ही एकमेकांच्या अंगावर चढून बसत असू, तेव्हाची ती चव होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा फटका मारला. चेपाने शेपटी पकडली. मी ओढ घेतली, काहीतरी तुटले, आणि माझी शेपटी तिच्या मुठीत वळवळत असताना मी भिंतीवरून गल्लीतल्या चिंचेवर चढले.

संध्याकाळी यास्कारा रडत भिंतीपाशी उभी होती. चेपाने काही लपवले नाही.

"रागावू नकोस. दुसरी आणून देईन तुला. एवढी माणसं जेवायची होती, मी काय वाढणार होते त्यांना?"

"ती माझी होती!"

"अग पण हात कसा घालायचा, ते तूच तर शिकवलंस."

चेपाच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी यास्कारा भिंतीवर चढली. जास्वंदीचे फूल घेऊन तिचा हात खालून आला. मी जीभ लावून पाहिली. तिचाच हात होता. मी उतरले आणि तिच्या छातीशी बसले. तेवढ्यात खाली गल्लीतली पोरे जमली. त्यांना माझी कणव आली होती. त्यांनी हात वर केले, तळवे उघडे, अगदी बरोबर. ते हात माझ्या पोटाशी आले तरी मी हलले नाही.

यास्कारा त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने मला फांदीवर ठेवले. ती भिंतीच्या टोकावर चढली, माझ्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिली, आणि तिने हात वरून झपकन खाली आणला.

सावली पडली. मी जीव घेऊन शेंड्याकडे पळाले.

ती रोज येऊ लागली. रोज ती सावली पडे आणि रोज मी पळे.

"पुरे आता, उतर खाली," आजी म्हणे. "किती रडशील?"

"अजून ती नीट घाबरत नाही, आजी."

मित्रांनो, हातात बसणारा प्राणी हवा असे तुम्हालाही वाटेल. अवश्य आणा. पण तो बसतो कसा, हे गावाला शिकवू नका. त्याला तुमचा हात ओळखू द्या आणि बाकीच्या हातांना थोडे भिऊ द्या. ती भीती त्याची आहे, तेवढी त्याच्यापाशी राहू द्या.

यास्कारा आता मोठी बाई झाली आहे. तिच्या केसांत पांढरे दिसते. ती मला कधी हाक मारत नाही, फूल आणत नाही; दर वर्षी उपास लागले की फक्त भिंतीवर चढते. मलाही तिची आठवण येते, पण मी उतरत नाही. दोन्या चेपाच्या चुलीवर आता तिची सून बसते.

काल दुपारी चिंचेवर सावली पडली. उपासाचे दिवस लागले असणार. सावली कुणाच्या हाताची आहे ते मला ठाऊक होते. मी पळाले.