नोरीनची हलकी काडतुसं

खांदा काळानिळा पडला तेव्हा मला आधी रायफलचाच राग आला.

"बिघडलीय ही," घरात शिरताशिरता मी ऑर्विलला म्हणाले. "एकोणीस वर्षांत कधी असा धक्का दिला नव्हता. आज दुकानातल्या डबीतली चारच काडतुसं उडवली, आणि हे बघ!"

ऑर्विल, माझा नवरा, खिडकीपाशी बसला होता. दोन वर्षांपासून त्याचे हात थरथरतात. कॉफीचा मग तो अर्धाच भरून घेतो. माझा खांदा पाहून त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"रायफल ठीक आहे गं," तो म्हणाला. "काडतुसं वेगळी आहेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घोड्यावरून पडून माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षापासून तो माझ्यासाठी घरीच निराळी काडतुसं भरत होता. बंदुकीची दारू कमी, गोळी हलकी. हरणाला पुरेल, पण माझ्या खांद्याला झेपेल इतकीच. हात थरथरायला लागल्यावर भरणं थांबलं, आणि यंदा उरलेली संपली.

"आणि मी मूर्ख नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांपुढे मिरवत होते! म्हणे, माझ्या खांद्याला कळतसुद्धा नाही!"

"मिरवताना छान दिसायचीस," तो म्हणाला.

मी उठून गॅरेजात गेले. त्याचं टेबल दोन वर्षं जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं. चादर काढली. काडतूस दाबायचा प्रेस, छोटा तराजू, नरसाळं, सगळं जागच्या जागी होतं. शेजारी त्याची वही. एका पानावर वर माझं नाव लिहिलं होतं, 'नोरीन', आणि खाली वर्षावर्षाच्या नोंदी. एका ठिकाणी शेरा होता: 'आज शिकारीहून येताना गाणं म्हणत होती. हेच प्रमाण ठेवावं.'

परत आले ते ठरवूनच. "मला शिकव."

"नको. नवख्याने या भानगडीत पडूच नये. लोकांना वाटतं, स्वस्त पडेल. काही स्वस्त पडत नाही. सामान घेण्यात पैसे जातात, आणि मग माणूस दुप्पट उडवत बसतो. लाइलला विचार."

लाइल आमचा शेजारी. त्यानेही तेच सांगितलं. "दोन हिवाळे केलं मी. माझ्याच्याने तेवढा वेळ गप्प बसवेना. सगळं विकून टाकलं. नोरीन, तू हरणाचा नाद सोड आणि विणकाम कर."

"विणकाम तू कर. तुझी बायको म्हणते, घरात तुझा काही उपयोग नाही."

लाइल हसत निघून गेला. ऑर्विलने मात्र माझा काळानिळा खांदा पुन्हा पाहिला. मग तो म्हणाला, "टेबलावर गप्पा नाहीत. रेडिओ नाही. आणि मी सांगेन तसंच."

"बरं, मास्तर."

आठवडाभर त्याने मला दारूला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसत्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, मापायच्या, चिरलेल्या बाजूला काढायच्या. मी वैतागले की तो म्हणायचा, "मग दुकानातली आण." तो माझ्या शेजारी स्टुलावर बसायचा, थरथरणारे हात मांडीखाली दाबून. दोन वर्षं तो गॅरेजात फिरकला नव्हता.

मग एका सकाळी मी पहिली काडतुसं भरली. मागे ठिणगी देणारी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. तेरा-चौदा झाली असतील, तेवढ्यात घरातला फोन वाजला. ऑर्विल "राहू दे" म्हणाला, पण बहिणीचा असेल म्हणून मी धावले. परत येऊन पुढचं भरलं, त्यापुढचं भरलं, वीस पूर्ण केली. सगळी एका डबीत ओतली. मगच मनात पाल चुकचुकली.

"ऑर्विल, फोनहून आल्यावर... त्या पुंगळीत आधीच दारू होती का रे? मी परत ओतली की काय?"

तो ओरडेल असं वाटलं. तो शांतपणे म्हणाला, "आठवत नाही ना?"

"नाही."

"मग सगळी उघडायची. वीसच्या वीस. दुप्पट भरलेलं एक जरी असलं, तर रायफल फुटते, आणि तुझं तोंड तिथेच असतं."

मला रडूच फुटलं. सबंध सकाळ पाण्यात. त्याने खणातून हातोडीसारखं एक अवजार काढलं. काडतूस त्यात अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी सुटून येते.

"आण इकडे," तो म्हणाला. "ठोकायला माझे हात अजून चालतात."

तो ठोकत राहिला, मी दारू परत तोलत राहिले. वीसही बरोबर निघाली.

"म्हणजे उगाचच!" मी म्हणाले.

"उगाच कसं? मला आज काम मिळालं."

दुसऱ्या दिवशी फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आणि पुन्हा वीस भरली. मैदानावर पाच उडवली. खांद्यावर कुणी हलकी थाप द्यावी इतकंच जाणवलं. ऑर्विल दुर्बिणीतून निशाण बघत होता. मग चष्मा पुसत बसला.

नोव्हेंबरात, ओढ्याच्या वरच्या उतारावर, बर्फात उभी असलेली हरणाची एक मादी आम्हाला दिसली. दोघंही पोटावर पडलो होतो. तो माझ्या कानाशी म्हणाला, "घाई नको. श्वास सोड." एकच गोळी लागली. हरीण तीन पावलं चालून बसलं. लाइल आपला ट्रक घेऊन ओढायला आला. "विणकाम राहिलं म्हणायचं," एवढंच तो पुटपुटला.

संध्याकाळी मी हरणाचं काळीज कांद्यावर परतलं. ऑर्विलने सुरी उचलली, ती ताटावर खडखडली. एरवी अशा वेळी तो सुरी ठेवून द्यायचा आणि भूक नाही म्हणायचा. त्या दिवशी त्याने ताट माझ्याकडे सरकवलं.

"बारीक कर," तो म्हणाला. "आणि कांदा जास्त दे."

मी काप केले. एक मी खाल्ला, एक त्याला दिला.